खेटून दोन खळगे

क्रेनचा नवा हूक कारखान्यात पोलादाचा कडकपणा मोजणाऱ्या काकांच्या टेबलावर होता. यंत्राने हिऱ्याचं टोक त्यात दाबलं, खळगा खोल पडला आणि कडकपणाचा आकडा कमी आला. हूक नरम होता.

"काका, आकडा पुन्हा घ्या," साहेब म्हणाले. "पहिल्या खळग्याला अगदी खेटून."

दाबलेल्या जागेच्या कडेला पोलाद आवळून कडक होतं आणि तिथे आकडा खोटाच चढतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"साहेब, याच्याखाली माणसं काम करणार."

"आणि हा परत आला तर आपण कुठे काम करणार, तेही सांगा."

काकांनी खेटून दाबलं. आकडा चढला. त्यांनी कागदावर सही केली, पण दोन्ही खळगे घासून न टाकता तसेच उघडे ठेवले. माल तपासायला येणारी बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. दोन खळग्यांमध्ये अंतर सोडायचं, हे त्यांनीच तिला शंभरदा बजावलं होतं. ती बघेल, हूक परत पाठवेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, एवढ्या आशेवर ते होते.

ती आली. तिने भिंग हातात घेतलं, कागदावरची सही वाचली आणि भिंग परत पिशवीत टाकलं.

"तुमच्या आकड्यावर भिंग लावू, काका? एवढी मोठी नाही झाले मी अजून," ती हसून म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

"एकदा बघ तर खरं," एवढंच काकांना म्हणायचं होतं.

"चहा घेऊन जा," ते म्हणाले.