निळे पाव

जरा जवळ सरका बघू. गोष्ट छोटीशी आहे, पण ऐकल्यावर घास गोड लागणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या स्वयंपाकघरात भट्टीतून पाव बाहेर आले आणि स्वयंपाकाच्या मावशींनी एप्रनचं टोक तोंडावर धरलं. पावांवर निळे ओघळ उतरले होते. एकावर चमकी लखलखत होती. एकाच्या कुशीतून केस लोंबत होता, तोही भाजून कुरळा झालेला.

परदेशातल्या एका शाळेची तीस मुलं पंधरा दिवसांसाठी पाहुणी आली होती. आज त्यांचा सांस्कृतिक दिवस. आठला मुखवटे रंगवायचे, नऊला मातीची भांडी करायची, दहाला पाव. नळ पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, आणि हात धुवायला कार्यक्रमपत्रिकेत जागाच नव्हती. मुलं कोपरापर्यंत माखलेली तशीच आली आणि परातींवर तुटून पडली. लेकरंच ती, त्यांचा काय दोष! एकाचं नाक वाहत होतं. त्यानं ते मनगटानं पुसलं आणि तेच मनगट पिठात खुपसलं. एक गोळा खाली पडला, तो केरासकट उचलून पुन्हा मळला गेला.

"बाई, आधी हात तरी धुवू द्या त्यांना," मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या.

शाळेच्या या बाईंना आपली आणि पाहुण्यांची अशा दोन्ही भाषा येत, म्हणून सगळा दिवस त्यांच्या हाती. "फोटोवाला थांबलाय, मावशी. आणि निळे हात किती गोड दिसताहेत!"

आता पाव भाजून आल्यावर दोन वेण्यांची एक पाहुणी मुलगी पुढं धावली. तिनं आपल्या पावाला दोन डोळे आणि एक हसरं तोंड काढलं होतं. तो तिनं दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. बाईंनी हसून घास घेतला. फोटो निघाला. फोटोवाला वळताच बाईंनी घास रुमालात थुंकला, रुमालाची नीट घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला.

मावशींनी पाहिलं. मुलीनंही पाहिलं.

"हे सगळे डब्यात भरा," बाई म्हणाल्या, "आणि मागे पाठवून द्या."

मागे म्हणजे भिंतीपलीकडे, वृद्धाश्रमात. तिथल्या चाळीस जणांचे दुपारचे पाव रोज याच भट्टीतून जात. खिडकीतून ते दिसत होते, ताटल्या मांडीवर घेऊन बाकांवर बसलेले.

"हे? म्हाताऱ्या माणसांना?"

"पाहुण्या मुलांचं प्रेम आहे ते, मावशी. आणि भट्टीत गेल्यावर राहतंय काय?"

"घाण आगीनं जात नाही, बाई. भाजून निघते."

"तुमचं आपलं काहीतरीच. निम्म्यांना तर धड दिसतही नाही!"

मावशींनी रिकामे डबे बाजूला सारले.

मुलीनं खिडकीकडे बोट दाखवून तिच्या भाषेत काही विचारलं. बाईंनी थोडक्यात उत्तर दिलं. मुलीचा चेहराच उतरला. तिनं दहाही बोटं पसरून बाईंपुढे धरली. नखांत माती, पेरांवर निळा रंग. मग बाहीनं जीभ पुसून दाखवली आणि जोरजोरात मान हलवत ती भरभर बोलत सुटली.

"काय म्हणतेय?" मावशींनी विचारलं.

"म्हणतेय, तिला खूप आनंद झालाय."

मावशी त्या नखांकडे बघत राहिल्या. "मला तुमच्याइतक्या भाषा येत नाहीत, बाई," त्या म्हणाल्या. "पण एवढी येते."

त्यांनी पहिला ट्रे उचलला आणि खरकट्याच्या पिंपात उपडा केला. मग दुसरा. तिसरा. शेवटी मुलीच्या हातात तो डोळ्यांचा पाव तेवढा उरला. मावशी थांबल्या. मुलीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच तो पिंपात टाकला.

"अहो! आता त्यांना काय घालणार? दगड?"

"ताजे पाव. चार वाजेपर्यंत होतील."

"उद्याच्या पिठाला हात लावायचा नाही!"

"उद्याचं उद्या."

"मग उद्या तुम्ही यायचंच नाही, मावशी. कळलं?"

मावशींनी उद्याचं पोतं फोडलं. खिडकीशी जाऊन हाक मारली, "आजोबा, आज उशीर होईल हो! चार वाजतील!"

"होऊ दे गं!" बाकावरून आवाज आला. "तोवर दात उगवतात का बघतो!"

मुलगी तोवर पटांगण ओलांडून नळावर पोचली होती. बराच वेळ ती नखं घासत उभी होती; तिच्या पायांशी निळं पाणी वाहत होतं. परत आली तेव्हा हात लालबुंद झाले होते. ते तिनं मावशींपुढे धरले. मावशींनी उलटे केले, सुलटे केले, वास घेऊन पाहिला. मग थोडं बाजूला सरकून तिला परातीशी जागा दिली.

बाहेर समूहछायाचित्राची शिट्टी वाजली. बाईंनी तीनदा हाक मारली. मुलीच्या मुठी पिठात वर-खाली होत राहिल्या.

तो फोटो आता शाळेच्या दाराशीच लावलाय. एकोणतीस मुलं निळे हात वर करून हसताहेत, मधोमध बाई. मावशी त्यात नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेतही नाहीत. देव त्यांचं भलं करो, आता कुठं असतात कोण जाणे. तुम्ही जेवायला बसण्याआधी हात धुता ना? नखं घासताना घटकाभर त्यांची आठवण ठेवा.