समोर नागू

नागूच्या भावाचा खून करून कारवारच्या तुरुंगात गेलेला झिलू सुटून आला. दोघांच्या वाड्यांच्या पंचांनी निवाडा दिला: पुढच्या शिकारीत झिलूनं रानातली जनावरं उठवायची, समोर बंदूक घेऊन नागू बसेल. दोघं परत आले, तर वैर मिटलं.

झिलू डबा बडवत पुढं सरकत होता. शिकारीत चुकून गोळी लागली, तर कोण इचारतंय? तेवढ्यात झुडपाआडून नळी दिसली. नेमकी त्याच्यावर रोखलेली.

मधूनच रानडुक्कर उठलं आणि सरळ नागूवर धावलं. बार उडालाच नाही. डुकरानं नागूची मांडी फाडली.

पंच धावत आले. "बार का काढला न्हाईस रं?"

नागू कण्हत म्हणाला, "डुकराच्या मागं झिलू हुता."