ओळंबा

द्वारका रुसून वारंगा फाट्याला बहिणीकडं गेली, त्याचं कारण डिश. वादळानं डिश फिरली, मालिका बंद पडली आणि तिचा नवरा मुंजाजी म्हणाला, "बरं झालं." तेवढंच त्याला महागात पडलं.

आता भर दुपारी तो डिश नीट बसवायला स्लॅबवर चढला होता. डिशचा खांब बराबर उभा आहे का बघायला त्यानं दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला.

ओळंबा तिरपा लोंबला. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी नट वारंगा फाट्याकडं कलला होता.

"तुलाबी तिची आठवण येऊन राहिली व्हय?" मुंजाजीनं नटाला विचारलं. सरळ करून सोडला, तर पुन्हा तिकडंच.

मग दोरा हळूहळू फिरू लागला. रस्त्यानं ओळखीचं माणूस यावं आणि आपली मान त्याच्यासोबत वळावी, तसा. फाट्याकडून शाळेकडं, शाळेकडून अंगणाकडं. अंगणातल्या शेळ्या उठल्या आणि बाजूला सरकल्या.

मुंजाजीनं घाईनं फोन लावला. "निघालीस का गं?"

"काहून निघू? डिश बसली का? इथं चुलीम्होरं भाकरी करून राहिले मी."

दोरा आता आडवा ताणला जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीकडं रोखला होता. पायरीवर कुणीच नव्हतं. गुडघ्यावर हात ठेवून चढताना द्वारका टाकते, तो सुस्कारा मात्र तिथूनच आला.

मुंजाजीनं शर्टाची बटणं लावली.

"आलीस व्हय?" तो पायरीला म्हणाला.

"कोण आलं वो?" फोनमधून द्वारकानं विचारलं.