कॅमेऱ्यात नको

अर्जुनी मोरगावात घरून काम करणाऱ्या रत्नपालची पुण्याच्या साहेबांसोबत व्हिडिओ मीटिंग चालू होती. तेवढ्यात धानाच्या रोवणीवरून परतलेले त्याचे वडील चिखलाच्या पायांनीच खोलीत शिरले.

"काऊन रे, जेवाले नाही येऊन राहिला?"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रत्नपाल, कॅमेरा सुरू असताना असं कुणीही मध्ये यायला नको. क्लायंट बघताहेत!"

रत्नपाल ओशाळला. वडिलांना घाईघाईने बाहेर नेऊन त्याने दाराला आतून कडी लावली.

"मी काय चोर आहो का रे?" बाहेरून आवाज आला. त्याने पटकन माइक बंद केला.

साहेबांनी क्लायंटची माफी मागितली आणि हसतमुखाने पुढची स्लाइड उघडली.



"तर मंडळी, आपलं ॲप शेतकऱ्याच्या थेट घरात कसं पोचवायचं, ते बघू."