हिंदूरावांचा गुडघा

सीझनआधी पोरं हेरायला तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने स्ट्रायकर हिंदूराव हायस्कूलच्या मैदानावर आले. पहिल्या पोरानं डाव्या पायानं बॉल वळवून गोल मारला, अगदी त्यांच्यासारखा. दुसऱ्यानंही तसाच मारला. अकराव्यापर्यंत तेच. सगळ्यांची नाकं, हनुवट्या हिंदूरावांच्याच होत्या.

"सर, कुणाची पोरं ही?"

"पेठेतलीच की!" क्रीडाशिक्षक हसले. "तुमचा गुडघा गेला तवा पेठ रडली. मग ऑपरेशनला दवाखान्यात काढलेल्या तुमच्या पेशींतनं घरटी एकेक हिंदूराव जन्माला घातला."

हिंदूरावांचा हात आपल्या उजव्या गुडघ्यावर गेला. विरोधी तालमीच्या लाथेनं गुडघा मोडला, असं ते पेठेला सांगत आले होते. खरं तर तो जन्मतःच कच्चा होता.

समोर अकरा पोरं उजवा गुडघा चोळत उभी होती.