तेविसावं पान

"तेविसावं पान काढून टाकू," ॲंजेला म्हणाली, आणि सालोमीला हातातला बिनसाखरेचा चहा गोड लागला.

चर्चच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या नऊ बायका बसल्या होत्या. मंडळाचं पाककृतींचं जुनं पुस्तक नव्याने छापायचं होतं. अडतीस वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी आपल्या हातचा एकेक पदार्थ लिहून दिला होता आणि खाली नाव घातलं होतं. तेविसाव्या पानावर थराचा खिमा होता. अर्धा किलो बीफचा खिमा, चार उकडलेले बटाटे, दुधात भिजवलेले शिळे पाव. थरावर थर लावायचे, वरून दोन अंडी फेटून ओतायची, टोपावर झाकण आणि झाकणावर निखारे. आठ माणसांना पुरतो. खाली नाव, रेजिना.

रेजिना म्हणजे सालोमीची मोठी जाऊ. वसईजवळच्या सांडोर गावात एकाच वाडीत दोघींची घरं, मध्ये केळीची एक रांग. आज गुडघे धरले म्हणून ती मीटिंगला आली नव्हती.

त्या वर्षी सालोमीनेही आपला थराचा खिमा लिहून दिला होता. "एका घरातली दोन नावं नकोत," असं सांगून मंडळाने तो परत पाठवला. तेव्हापासून गावात बाप्तिस्मा असो की कुणाचा पोरगा पास होवो, बायका म्हणायच्या, "तेवीस करूया गं." पदार्थाचं नावच तेवीस पडलं. सालोमीने तो शंभरदा केला असेल. एकदा नवरा घास चावत बोलून गेला, "छान झालाय. पण वहिनीचा थर कापला की उभा राहतो." सालोमीने उरलेला टोप कुत्र्यापुढे उपडा केला. कुत्र्याने टोप चाटून लख्ख केला, पण कुत्र्याच्या मताला गावात कोण विचारतो?

"काढायचं कशाला?" कोपऱ्यातून एकीने विचारलं. "आपण म्हशीचंच आणतो ना? त्याला कुठे बंदी आहे?"

ॲंजेला मंडळाची चिटणीस. शाळेत गणित शिकवायची, बोलणंही तसंच. "पुस्तकाचे फोटो निघतात. फोटो फिरतात. दारात आलेला घोळका म्हैस होती की बैल, हे विचारत बसत नाही."

तिने जुन्या पुस्तकाची प्रत पुढे ओढली.

"हात वर करा."

पहिला हात सालोमीचा. मग बाकीचे. रेजिनाच्या टोपातलं खाऊन बोटं चाटलेले सगळे हात वर गेले. तिच्या शेजारी बसून तीस वर्षं रोझरीची माळ जपणारीचासुद्धा गेला, फक्त तिने मान खाली घातली. भीती अशीच मतदान करते. हात वर, मान खाली.

"मग त्या जागी काय?" ॲंजेलाने पेन उघडलं. "आंटी, तुमचाही थराचा खिमा आहे ना? मटणाचा म्हणून टाकू. तेविसाव्या पानावर. नाव तुमचं."

तेविसावं पान. खाली सालोमी. उद्यापासून बाप्तिस्म्याला बायका तेवीस करतील आणि ते सालोमीचं असेल. केळीच्या रांगेपलीकडे रेजिना गुडघ्याला तेल चोळत ऐकेल. अडतीस वर्षं जळले, त्याचं आज सार्थक झालं.

"लिही," ती म्हणाली.

ॲंजेलाने लिहिलं. रेजिनाच्या नावावर रेघ मारली. एक मारली, दुसरी मारली, नाव दिसेनासं झालं. "झालं. आता इथे आधी दुसरं काही होतं, हे कुणाला कळणारपण नाही."

सालोमीने कप खाली ठेवला.

"कुणालाच नाही?"

"नाही ना. तेच तर पाहिजे आपल्याला."

सालोमी त्या काळ्या रेघांकडे बघत बसली. मग खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

"माझं नाव खोड. तिचं होतं तिथे ठेव. होतं तसं, बीफ लिहून. माझं चोविसाव्यावर टाक. तेपण बीफच."

"आंटी, आता तर हात वर केलात!"

"केला. आता खाली घेतला. मटण कुणाला परवडलंय इथे? आठ माणसं अर्ध्या किलोत भागवायची म्हणून तर बटाटा आणि शिळा पाव. आणि मी मटण टाकून जिंकले तर लोक म्हणतील, मटण जिंकलं."

"आणि कुणी आलं दारात तर?"

"दोन्ही पानांखाली माझा फोन नंबर छाप. माझ्या दारात येऊ देत. त्यांच्याशी मी बोलते."

मान खाली घातलेल्या बाईने मान वर केली. मग आणखी एकीने. ॲंजेलाने कोरा कागद पुढे ओढून रेजिनाचं नाव पुन्हा लिहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"खरं सांगू आंटी? आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तुमचं दोघींचं पटत नाही. जावेवर एवढा जीव आहे तुमचा!"

"जीव?" सालोमी कडाडली. "तोंड बघवत नाही मला तिचं! अगं, अडतीस वर्षं तिला हरवायला बसलेय मी. ती पुस्तकातच नसली, तर हरवू कुणाला?"