किटलीवरची धूळ

शिपायाने वर्गाचं दार उघडलं, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मावशी, हे काय करून ठेवलंत!"

कला अकादमीत सफाईला लागून मावशींना जेमतेम चार दिवस झाले होते. टेबलावर कुणीतरी पसारा टाकून गेलंय, असं समजून त्यांनी चादर झटकून घडी घातली होती, निळी बाटली धुतली होती, दोन कांदे केराच्या टोपलीत टाकले होते आणि तांब्याची किटली घासून घासून लख्ख केली होती. कुठली वस्तू कुठे, हे सांगणाऱ्या खडूच्या खुणासुद्धा पुसायच्या सोडल्या नव्हत्या.

"परीक्षा चालू आहे," शिपाई म्हणाला. "बारा मुलं सोमवारपासून तो पसारा बघून चित्र काढतायत. केसभर हलवायचा नसतो. सरांना कळलं तर तुमचं काही खरं नाही." आणि आपण काही पाहिलंच नाही, अशा थाटात तो निघून गेला.

मावशींना ही नोकरी जावेने शब्द टाकून मिळवून दिली होती. ती आठवड्याच्या आत गेली, तर जाऊबाई जन्मभर ऐकवायला मोकळ्या.

वर्ग भरायला अर्धा तास होता. बारा इझलांवर बारा अर्धवट चित्रं होती. मावशींनी केरातून कांदे काढले आणि पहिल्या स्टुलावर बसल्या. या चित्रात किटलीची चोच बाटलीला टेकल्यासारखी दिसत होती. उठून त्यांनी ती तशी ठेवली. सातव्या चित्रात एक कांदा निम्मा लपला होता. त्यांनी लपवला. चादरीच्या सुरकुत्यांना फार वेळ लागला नाही; जन्म कपडे धुण्यात गेलेला. बसत, उठत, सरकवत बारावं चित्र जुळलं, तेव्हा जिन्यावर पावलं वाजत होती.

मुलं आली, मागोमाग सर आले आणि मुलं रंगवू लागली. मावशी दाराशी बादली धरून उभ्या. तासभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग खिडकीपाशची मुलगी म्हणाली, "सर, किटली चमकतेय."

सर टेबलापाशी गेले. तेही याच वर्गात शिकले होते, याच किटलीवर पास झाले होते. शहरातले पुतळे, नाटकांचे पडदे, शाळेच्या पुस्तकांतली चित्रं ज्यांनी केली, ते सगळे कधी ना कधी हिच्यासमोर बसलेले. प्रत्येकाने ती काळपटच रंगवलेली. आजच्या बाराही किटल्या काळपट होत्या.

"कुणी पुसली?"

मावशींना खोटं सुचलंच नाही. "मीच. सगळं हलवलंही होतं. मग यांच्या चित्रांत बघून परत मांडलं. चुकलं माझं, सर."

सरांनी वाकून मांडणी पाहिली, मग किटली. तिच्या पोटात खिडकी होती, स्टुलं होती, दार होतं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही धूळ रंगवत होतो," ते स्वतःशीच पुटपुटले. मग वळून म्हणाले, "सगळ्यांनी किटली खरवडून काढा. परत रंगवा. एक दिवस वाढवून देतो."

वर्ग कुरकुरला. आपल्याबद्दल काही बोलणं झालंच नाही, याचा अर्थ मावशींनी काढायचा तोच काढला. त्यांनी बादली उचलली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

"मावशी, कुठे निघालात?" सरांनी हाक मारली. "होतात तिथेच उभ्या राहा. किटलीत दिसताय तुम्ही."